राष्ट्रीय उत्पन्नाचे लेखांकन घरबसल्या: पाठ्यपुस्तके, सरकारी पत्रके आणि एक विकतचा अभ्यासक्रम

राष्ट्रीय उत्पन्नाचे लेखांकन हा विषय अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बारावीत भेटतो आणि स्पर्धा परीक्षा देणाऱ्याला पुन्हा पुन्हा भेटत राहतो. बाकीच्यांना तो बातमीच्या मथळ्यातून कळतो आणि त्या मथळ्यात एका टक्केवारीपलीकडे सहसा काही नसते. अर्थव्यवस्था साडेसहा टक्क्यांनी वाढली, असे आपण वाचतो. परंतु काय मोजले, कोणत्या किमतींना मोजले, काय वगळले आणि दोन वेगवेगळ्या बाजूंनी केलेली मोजणी जुळली नाही तर तो फरक कुठे दाखवला, हे प्रश्न मथळ्याला पडत नाहीत. ज्यांना ते पडतात, त्यांच्यासाठी आज घरबसल्या शिकण्याची साधने भरपूर आहेत. त्यांपैकी जी मी स्वतः वापरली, त्यांचे हे परीक्षण आहे. माझी उमेदीची वर्षे हिशेब तपासण्यात गेली असल्यामुळे कोणत्याही साधनाकडे मी एकाच दृष्टीने पाहिले: ते वापरल्यानंतर सरकारी तक्ता स्वतः वाचता येतो का आणि त्यातील बेरीज आपल्या हाताने जुळवता येते का. व्याख्या पाठ होणे ही त्याच्या अलीकडची पायरी आहे.

मराठीतून सुरुवात करणाऱ्याने बालभारतीच्या बारावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातील ‘राष्ट्रीय उत्पन्न’ हे प्रकरण आधी वाचावे. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून ते पुस्तक विनामूल्य उतरवून घेता येते. स्थूल आणि निव्वळ, देशांतर्गत आणि राष्ट्रीय, अंतिम वस्तू आणि मध्यवर्ती वस्तू, घसारा, दुहेरी मोजणी, चक्राकार प्रवाह या साऱ्या संज्ञा तेथे शुद्ध, सरळ मराठीत मिळतात आणि पुढे इंग्रजी किंवा हिंदी साहित्य वाचताना हाताशी राहतात. उत्पादन पद्धती, उत्पन्न पद्धती आणि खर्च पद्धती यांची मांडणी नेटकी आहे. मात्र हे प्रकरण मंडळाच्या परीक्षेसाठी लिहिलेले आहे, हे त्याच्या घडणीवरून लगेच जाणवते. व्याख्या, वैशिष्ट्ये, अडचणी, महत्त्व अशी त्याची चाल आहे आणि आकडेमोडीला त्यात फारसा वाव नाही. एका बैठकीत वाचून संपेल एवढेच ते आहे, आणि त्याच्याकडून त्याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

खरे शिक्षण सुरू होते ते एनसीईआरटीच्या, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या, बारावीच्या स्थूल अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातील दुसऱ्या प्रकरणापासून. या प्रकरणाचे नावच राष्ट्रीय उत्पन्नाचे लेखांकन असे आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर ते इंग्रजी आणि हिंदी या दोन्ही भाषांत विनाशुल्क उपलब्ध आहे, मराठीत नाही. मी आजवर पाहिलेल्या प्राथमिक साहित्यात इतक्या थोड्या पानांत इतका विचार सामावलेले दुसरे काही नाही. त्यात सुरुवातीच्या भागातच साठा आणि प्रवाह यांतील फरक येतो, आणि ते योग्यच आहे. कारण उत्पन्न हे ठरावीक कालावधीत वाहणारे असते, संपत्ती ठरावीक क्षणी मोजली जाते, आणि या दोहोंची गल्लत वर्तमानपत्रांतील आर्थिक मजकुरातही नेहमी आढळते. एखाद्या उद्योगपतीच्या समभागांचे मूल्य आणि एखाद्या देशाचा वर्षभराचा जीडीपी, म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादन, यांची तुलना करणारे मथळे हे त्याचे ठळक उदाहरण.

त्यानंतर येणारे शेतकरी आणि पाववाला यांचे उदाहरण फार विचारपूर्वक रचलेले आहे. शेतकरी 100 रुपयांचा गहू पिकवतो आणि त्यातला 50 रुपयांचा गहू पाववाल्याला विकतो. पाववाला तो सगळा वापरून 200 रुपयांचे पाव तयार करतो. दोघांच्या उत्पादनाची नुसती बेरीज केली तर 300 रुपये येतात, परंतु पाववाल्याची मूल्यवृद्धी, म्हणजे पावाच्या किमतीतून गव्हाची किंमत वजा जाता उरणारी रक्कम, 150 रुपयेच असल्याने अर्थव्यवस्थेचे एकूण उत्पादन 250 रुपये ठरते. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाववाल्याकडे न गेलेला 50 रुपयांचा गहू हाही अंतिम उत्पादनाचाच भाग आहे. पुष्कळ शिक्षक शेवटच्या टप्प्यावरील वस्तूची किंमत घेतली की काम झाले, असे शिकवतात. त्या रीतीने येथे 200 हे चुकीचे उत्तर येईल. गहू खाण्यासाठी घेतला तर तो अंतिम आणि दळून पाव केला तर मध्यवर्ती. म्हणजे वस्तूचे स्वरूप तिच्या जातीवरून ठरत नाही, तिच्या उपयोगावरून ठरते. हा मुद्दा या एका लहानशा तक्त्यात पक्का होतो.

तितकेच मोलाचे आहे ते मालसाठ्याचे विवेचन. एका कारखान्याकडे वर्षारंभी 100 सदरे शिल्लक आहेत. 1,000 विकले जातील या अपेक्षेने तो 1,000 सदरे शिवतो, प्रत्यक्षात 600 विकले जातात आणि वर्षअखेर 500 शिल्लक राहतात. हे न विकलेले जादा 400 सदरे कुठे गेले? लेखांकनात ते गुंतवणूक म्हणून नोंदले जातात, जणू कारखान्याने ते स्वतःच स्वतःकडून विकत घेतले. नियोजित नसलेली अशी साठ्यातील वाढ गुंतवणुकीत धरली जाते म्हणूनच उत्पादन आणि खर्च यांची समानता कोणत्याही वर्षी मोडत नाही. ज्यांनी व्यापारी हिशेबात अखेरच्या मालसाठ्याची नोंद केली आहे, त्यांना हे क्षणात पटेल. इतरांनी मात्र हा भाग सावकाश वाचावा, कारण स्थूल अर्थशास्त्रात पुढे मागणीच्या तुटवड्याची जी चर्चा येते, तिचा पाया इथे घातलेला आहे.

तिन्ही पद्धतींचे उत्तर एकच का येते, हे पटवण्यासाठी प्रकरणात दोन कारखान्यांचे उदाहरण दिले आहे. पहिला 50 रुपयांचा कापूस दुसऱ्याला विकतो, दुसरा त्याचे कापड करून ते ग्राहकांना 200 रुपयांना विकतो. मूल्यवृद्धीची बेरीज 50 अधिक 150, म्हणजे 200. अंतिम खर्च 200. आणि दोन्हीकडील मजुरीचे 80 व नफ्याचे 120 मिळून पुन्हा 200. त्यापुढे बीजगणित येते. उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात यांच्या बेरजेतून आयात वजा केली की जीडीपी मिळतो. तोच जीडीपी उपभोग, बचत आणि कर यांत वाटला जातो. ही दोन्ही समीकरणे समोरासमोर ठेवली की गुंतवणूक व बचत यांतील तफावत आणि सरकारी खर्च व कर यांतील तफावत यांची बेरीज आयात वजा निर्यातीइतकी निघते. अर्थसंकल्पातील तूट आणि व्यापारातील तूट यांचे नाते केवळ हिशेबाच्या नियमातून कसे निघते, हे एका पानात दाखवणारी ही मांडणी मला या प्रकरणातील सर्वांत सुंदर जागा वाटते. येथे एक सावधगिरी मात्र वाचकाने स्वतः बाळगायला हवी. ही नित्यसमानता आहे, कारणमीमांसा नव्हे. तूट वाढली म्हणून आयात वाढली की आयात वाढली म्हणून तूट, याचे उत्तर ती देत नाही. तरीही चर्चासत्रांतून तिचा वापर अगदी सर्रास त्याच कामासाठी होत असतो.

चालू किमती आणि स्थिर किमती यांचा भाग सुटसुटीत आहे. फक्त पाव तयार करणाऱ्या एका देशात 2000 साली 10 रुपये दराने 100 पाव झाले आणि 2001 साली 15 रुपये दराने 110 पाव झाले, तर चालू किमतींचा जीडीपी 1,000 वरून 1,650 वर जातो. पण 2000 च्या किमतींनी मोजल्यास तो 1,100 च भरतो आणि अवस्फीतिकारक, म्हणजे या दोन रकमांचे गुणोत्तर, दीडपट निघतो. जीडीपी आणि कल्याण यांविषयीचा शेवटचा भागही वाचनीय आहे. तेथे शंभर माणसांच्या देशाचे उदाहरण येते. प्रत्येकाला 10 रुपये मिळत असताना एकूण उत्पन्न 1,000 रुपये असते. पुढच्या वर्षी नव्वद जणांचे उत्पन्न 9 वर उतरते, दहा जणांचे 20 वर चढते आणि जीडीपी 1,010 होतो. दरडोई सरासरी वाढली, नव्वद टक्के लोक गरीब झाले. यापुढे भाष्य करण्याची गरज लेखकांना वाटलेली नाही, आणि ते बरेच झाले.

प्रकरणाच्या शेवटच्या स्वाध्यायात राजू नावाच्या केशकर्तनकाराचे एक गणित आहे. त्यासाठी या प्रकरणाला मी एक गुण वाढवून देईन. दिवसाची मिळकत 500 रुपये, अवजारांचा घसारा 50, विक्रीकर 30, घरी नेलेले 200, नवीन साहित्यासाठी मागे ठेवलेले 220 आणि उत्पन्नावरचा प्राप्तिकर 20. यावरून जीडीपीतील वाटा 500, बाजारभावाने निव्वळ उत्पादन 450, घटक खर्चाने, म्हणजे विक्रीकरही वगळून, 420, वैयक्तिक उत्पन्न 200 आणि खर्चयोग्य वैयक्तिक उत्पन्न 180 अशी उतरंड काढायची. पाठांतराने हमखास गोंधळणाऱ्या पाच संज्ञा एका माणसाच्या गल्ल्यात दिसतात. उत्तरे पुस्तकात दिलेली नाहीत, हे एकट्याने शिकणाऱ्याला जाचक होते. म्हणून ती येथे लिहून ठेवली.

या प्रकरणाची मर्यादा म्हणजे हिशेब शिकवणारी त्यातील उदाहरणे काल्पनिक आहेत. 2015 च्या जानेवारीत केंद्रीय सांख्यिकी कार्यालयाने घटक खर्चानुसार जीडीपीऐवजी मूळ किमतींनुसार स्थूल मूल्यवृद्धी, म्हणजे जीव्हीए, जाहीर करण्यास सुरुवात केली आणि बाजारभावानुसार जीडीपीलाच मुख्य आकडा मानले, हा बदल पुस्तकाने नोंदवला आहे, ही समाधानाची बाब. तथापि घटक खर्च, मूळ किंमत आणि बाजारभाव या तीन पायऱ्यांमधील कर कोणते, हे वाचकाला ओळखीच्या उदाहरणांनी पटवून देण्याची गरज उरते. महाराष्ट्रातील पगारदार ज्याला व्यवसाय कर म्हणून ओळखतो, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 असा वर्षाला 2,500 रुपयांपर्यंत कापला जाणारा, तो उत्पादनावरील कर होय; शेतसारा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी यांची गणनाही तेथेच होते. घटक खर्चात हे कर मिळवले आणि उत्पादनासाठीची अनुदाने वजा केली की मूळ किंमत मिळते. वस्तू व सेवा कर, अबकारी आणि सीमाशुल्क हे मात्र वस्तूच्या प्रत्येक नगावर किंवा मूल्यावर बसतात, म्हणून ते उत्पादितांवरील कर; ते मिळवून त्यातून अन्नधान्य, खत आणि इंधन यांवरील अनुदाने वजा केली की बाजारभावानुसार जीडीपीपर्यंत आपण पोहोचतो. एवढे एकदा समजले की जीडीपी आणि जीव्हीए यांच्या वाढीचे दर वेगवेगळे का असतात, हा प्रश्न उरत नाही; ज्या वर्षी अनुदाने घटतात किंवा करवसुली वाढते, त्या वर्षी त्या दोहोंत अंतर पडणारच.

खान अकादमीच्या स्थूल अर्थशास्त्राच्या चित्रफितींचा उल्लेख थोडक्यात करतो. इंग्रजी समजत असेल आणि पुस्तक वाचून चक्राकार प्रवाह किंवा अवस्फीतिकारक डोक्यात शिरत नसेल, तर त्या उपयोगी आहेत. विनामूल्य आहेत, लहान आहेत आणि सोबत सरावाचे प्रश्न आहेत. त्या अमेरिकी विद्यार्थ्यासाठी केलेल्या असल्याने उदाहरणे आणि आकडेवारीची चौकट तिकडची आहे, आणि तो त्यांचा दोष मानता येत नाही. आपल्याकडील जीव्हीए, मूळ किमती आणि आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती स्थिर धरून मोजणी करतात ते वर्ष) यांचे प्रश्न तेथे सुटतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

आता विकतच्या अभ्यासक्रमाविषयी. स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या एका ॲपचा मराठीतील अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम मी पैसे भरून घेतला होता. नाव देण्याचे प्रयोजन नाही, कारण तेथे जे आढळले ते या प्रकारच्या अनेक अभ्यासक्रमांत आढळण्याची शक्यता आहे. शिक्षकाचे बोलणे ओघवते होते, फळ्यावरील अक्षर देखणे होते आणि स्थूलातून निव्वळ, निव्वळातून राष्ट्रीय, राष्ट्रीयातून घटक खर्च अशा रूपांतरांसाठी एक आद्याक्षरांचे सूत्र दिले होते. ते सूत्र वापरून बहुपर्यायी प्रश्न खरोखर सुटतात. पण राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे घटक खर्चानुसार निव्वळ राष्ट्रीय उत्पादन, हेच वाक्य सबंध प्रकरणाचा मुकुट म्हणून शिकवले जात होते, 2015 चा बदल शेवटच्या काही मिनिटांत जाताजाता सांगितला गेला, आणि तक्ते जुन्या, 2004-05 या आधारवर्षाच्या मालिकेतील होते. परदेशातून येणारे निव्वळ घटक उत्पन्न (तिकडून मिळालेले वेतन, व्याज, नफा वजा तिकडे गेलेले) समजावताना अमेरिकेतील मुलाने घरी पाठवलेल्या पैशांचे उदाहरण देण्यात आले. ते चुकीचे आहे, आणि इतके सर्वत्र पसरलेले आहे की त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते.

राष्ट्रीय लेखांकनात नागरिकत्व पाहिले जात नाही, निवास पाहिला जातो. पुण्याचा जो अभियंता वर्षानुवर्षे न्यू जर्सीत राहून काम करतो, तो हिशेबाच्या दृष्टीने अमेरिकेचा निवासी. त्याचे वेतन अमेरिकेच्याच राष्ट्रीय उत्पन्नाचा भाग असते. तो आईवडिलांना जे पैसे पाठवतो, ते कोणत्याही उत्पादनाचा मोबदला नसल्यामुळे चालू हस्तांतरण ठरतात. ते भारताच्या स्थूल राष्ट्रीय उत्पन्नात येत नाहीत, त्यापुढच्या खर्चयोग्य राष्ट्रीय उत्पन्नात येतात. याउलट रत्नागिरीचा किंवा गोव्याचा जो माणूस परदेशी कंपनीच्या बोटीवर काही महिने नोकरी करून घरी परततो, त्याचा निवास त्याच्या कुटुंबासोबत भारतातच मानला जातो, आणि त्याला परदेशी कंपनीकडून मिळालेला पगार हे परदेशातून आलेले घटक उत्पन्न असते. दोन्ही घरांत पैसा बँकेतूनच येतो, पण दोन वेगळ्या ओळींत नोंदला जातो. एवढे पैसे येत असूनही भारताचे परदेशातून येणारे निव्वळ घटक उत्पन्न ऋण आहे, म्हणजे आपले स्थूल राष्ट्रीय उत्पन्न जीडीपीपेक्षा कमी भरते; परदेशी गुंतवणुकीवरचा नफा आणि कर्जांवरचे व्याज बाहेर जात असल्याचा तो परिणाम. विकतच्या अभ्यासक्रमात ऋण हे चिन्ह दिले होते, कारण दिले नव्हते. शंका विचारण्याची सोय जाहिरातीत ठळक होती; मी विचारलेल्या शंकेला उत्तर म्हणून पुन्हा तेच सूत्र आले. ज्याला केवळ पूर्वपरीक्षेचे दोनतीन गुण हवे आहेत, त्याला हा व्यवहार परवडेलही. इतरांनी पैसे वाचवावेत.

उलट ज्या साधनाची कोणी जाहिरात करत नाही, ते म्हणजे केंद्रीय सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाचे संकेतस्थळ. तिमाही आणि वार्षिक अंदाजांची पत्रके तेथे नियमितपणे येतात, तक्त्यांसह. 30 मे 2025 चे पत्रक सरावासाठी घेण्याजोगे आहे. त्यातील 2011-12 या आधारवर्षाच्या मालिकेनुसार 2024-25 चा जीडीपी स्थिर किमतींना 187.97 लाख कोटी रुपये आणि चालू किमतींना 330.68 लाख कोटी रुपये असा अंदाजला होता; वाढ अनुक्रमे 6.5 आणि 9.8 टक्के. याच पत्रकात चालू किमतींचा जीव्हीए 300.22 लाख कोटी आहे. आता वही घ्यावी. 330.68 मधून 300.22 वजा केले की 30.46 लाख कोटी उरतात. हे अनुदाने वजा जाता उत्पादितांवरील कर. 330.68 ला 187.97 ने भागले की 1.759 येते, म्हणजे 2011-12 पासून जीडीपीतील वस्तू व सेवांची किंमतपातळी सुमारे 76 टक्क्यांनी चढली. चालू किमतींच्या वाढीतून स्थिर किमतींची वाढ भागाकाराने बाजूला काढली की त्या वर्षीची या किंमतपातळीतील वाढ सुमारे 3.1 टक्के निघते. पाववाल्याच्या दोन वर्षांच्या उदाहरणात जे केले, तेच इथे संपूर्ण देशासाठी झाले.

त्याच पत्रकात खर्चाच्या बाजूचा तक्ता असतो: खासगी अंतिम उपभोग, सरकारी अंतिम उपभोग, स्थिर भांडवलनिर्मिती, साठ्यातील बदल, मौल्यवान वस्तू, निर्यात, आयात, आणि सर्वांत शेवटी ‘विसंगती’ नावाची एक ओळ. पाठ्यपुस्तकातील तिन्ही पद्धतींचे उत्तर अचूक एकच येते. प्रत्यक्षात उत्पादनाच्या बाजूची माहिती कंपन्यांचे ताळेबंद, पीक अंदाज, सर्वेक्षणे अशा एका प्रकारच्या स्रोतांतून येते, खर्चाच्या बाजूची दुसऱ्या प्रकारच्या, आणि दोन्ही बेरजा जुळत नाहीत. भारतात उत्पादनाच्या बाजूचा आकडा मुख्य मानतात आणि उरलेली तफावत खर्चाच्या बाजूला विसंगती म्हणून दाखवतात. तेरीज (खात्यांच्या शिलकांचा ताळा) न जुळल्यास फरकाची रक्कम तात्पुरती निलंबन खात्यात टाकणाऱ्या माझ्यासारख्या लोकांना ही ओळ पाहून बरे वाटते. जो हिशेब आपली तफावत उघड लिहितो, तो तपासता येतो. अमेरिकेतही उत्पादन आणि उत्पन्न या दोन बाजूंमधील सांख्यिकी तफावत अशीच जाहीर होते. एखाद्या तिमाहीत विसंगतीची ओळ मोठी असेल, तर उपभोगाच्या किंवा गुंतवणुकीच्या दरांवर मोठे निष्कर्ष उभारण्याआधी थांबावे, हे शहाणपण मला कोणत्याही चित्रफितीत मिळाले नाही. तक्ता दोनतीनदा जुळवताना मिळाले.

मंत्रालयाचे संकेतस्थळ नवख्याला सोपे नाही, हेही सांगितले पाहिजे. पत्रकांची भाषा रूक्ष आहे, आणि प्रथम आगाऊ अंदाज, द्वितीय आगाऊ अंदाज, तात्पुरते अंदाज, मग सुधारित अंदाज अशी एकाच वर्षाची अनेक रूपे असतात. 2023-24 ची वाढ 2024 च्या मे महिन्यात 8.2 टक्के सांगितली गेली आणि पुढे सुधारणेत ती 9.2 टक्के झाली; कोणत्या पत्रकातील आकडा आपण वापरतो आहोत, याची नोंद ठेवली नाही तर दोन बरोबर आकड्यांची तुलनाही चुकते. आधारवर्षाचे तसेच आहे. 1948-49 पासून 2011-12 पर्यंत ते अनेकदा बदलले, त्यानंतर 2022-23 हे नवे आधारवर्ष घेण्याचे काम मंत्रालयाने हाती घेतले. वेगवेगळ्या मालिकांतील रकमा एका रांगेत मांडू नयेत. 2024 च्या सांख्यिकी दिनी सुरू झालेल्या ई-सांख्यिकी पोर्टलमुळे मालिका उतरवून घेणे पुष्कळ सुकर झाले आहे. ज्यांना पद्धतीच्या मुळाशी जायचे आहे, त्यांच्यासाठी स्रोत आणि पद्धती सांगणारा 2012 चा जाडजूड दस्तऐवज तेथेच आहे. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेल्या ज्वारीचे मूल्य उत्पादनात कसे धरतात, स्वतःच्या घरात राहणाऱ्याचे आरोपित घरभाडे कसे काढतात, याची उत्तरे अशा दस्तऐवजांत मिळतात. त्याच ज्वारीची भाकरी घरातल्या बाईने थापली तर ती मोजणीबाहेर राहते आणि खानावळीत थापली गेली तर मोजली जाते, ही संयुक्त राष्ट्रांच्या लेखांकन पद्धतीने आखलेली उत्पादनाची सीमाही तेथे स्पष्ट होते. ती सीमा न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. ती कुठे आहे, हे आधी माहीत असावे.

इतिहासाची गोडी असणाऱ्यांना एवढेच सुचवतो की 1949 साली नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे अहवाल शोधून पाहावेत. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष, आणि सदस्य दोनच: व्ही. के. आर. व्ही. राव व पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. माहिती अपुरी असताना अंदाज कसा बांधावा आणि त्याचा कच्चेपणा कसा सांगावा, याचे ते नमुने आहेत. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी काढलेला दरडोई 20 रुपयांचा आकडा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो; तो कोणत्या पिकांच्या कोणत्या भावांवरून काढला, हे शिकवणारा ऑनलाइन धडा अजून माझ्या पाहण्यात नाही.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे साधन मात्र राज्याचेच आहे. अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि ती संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. राज्य उत्पन्नाचे तिचे प्रकरण हा तयार सरावसंच आहे. 2024-25 च्या पाहणीनुसार त्या वर्षीचे चालू किमतींचे स्थूल राज्य उत्पन्न 45,31,518 कोटी रुपये आणि दरडोई उत्पन्न 3,09,340 रुपये अपेक्षित होते; आदल्या वर्षीचे दरडोई उत्पन्न 2,78,681 रुपये होते. स्थूल उत्पन्नाला लोकसंख्येने भागून पाहणाऱ्याला याहून मोठी संख्या मिळेल आणि तो चक्रावेल. दरडोई उत्पन्न निव्वळ रकमेवरून, म्हणजे घसारा वजा करून काढतात, हे त्याला तिथल्या तिथे कळेल. एका वर्षातील सुमारे अकरा टक्क्यांची ही वाढ चालू किमतींची असल्याने तिच्यात महागाई मिसळलेली आहे, हेही त्याच ओघात.

पाहणीतील जिल्हानिहाय दरडोई उत्पन्नाचा तक्ता सर्वाधिक उद्धृत होतो आणि सर्वाधिक चुकीचा वाचला जातो. जिल्ह्याचे उत्पन्न हे त्या जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले उत्पन्न असते, तेथे राहणाऱ्यांच्या हाती आलेले नव्हे. विरारहून किंवा कल्याणहून रोज लोकलने मुंबईतील कार्यालयात जाणाऱ्याचे काम मुंबईच्या उत्पन्नात मोजले जाते आणि तो स्वतः लोकसंख्येत पालघर किंवा ठाणे जिल्ह्यात मोजला जातो. शिवाय बँका, रेल्वे, दळणवळण यांसारख्या क्षेत्रांचे उत्पन्न जिल्ह्यांत वाटताना थेट मोजणीऐवजी निर्देशकांचा आधार घ्यावा लागतो. हे ध्यानात ठेवून आपल्या जिल्ह्याची ओळ वाचावी आणि शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करण्याआधी तक्त्याखालच्या टिपा वाचाव्यात. त्या लहान अक्षरांत असतात, पण मराठीत असतात.